रात्री हळू लावलं की एलपी भारी, रविवारी मोठ्याने लावलं की स्ट्रीमिंग भारी. असं का?

रातकिडा_ठाणे:

मंडळी, डोक्याला शॉट झालाय, जरा मदत करा. बाबांच्या एलपी (जुन्या तबकड्या) माळ्यावर पडून होत्या, भीमसेन, कुमार गंधर्व, माणिक वर्मा आणि खोकाभर जुनी हिंदी सिनेमाची गाणी. त्यांच्यासाठी टर्नटेबल घेतला, बेल्ट ड्राइव्हवाला, साधंच मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग). ॲम्प जुना जपानी, फोनो इनपुट (टर्नटेबलसाठीचं) आहे, लाउडनेसचं बटण पण आहे पण एका मित्राने सांगितलं की ते बटण म्हणजे निव्वळ फसवणूक म्हणून कधी दाबलं नाही. स्पीकर बुकशेल्फ, मागे पोर्ट (हवेचं भोक) असलेले. डिजिटलसाठी फोनला छोटा यूएसबी डॅक (डिजिटल फाइलचा सिग्नल ॲम्पला कळेल असा करणारा) लावून ऑक्समध्ये.

आता गंमत अशी की रात्री पोरगी झोपली की मी एकदम हळू ऐकतो, हॉलमध्ये, पंखा चालू. तेव्हा एलपी लावली की आवाज भरलेला वाटतो, डग्गा कळतो, गाण्यात जीव वाटतो. तेच गाणं स्ट्रीमिंगवर लावलं की पातळ, सगळं मधल्या पट्टीत अडकल्यासारखं, आणि एक बाजू (डावी) जरा दबलेलीच. पण रविवारी दुपारी बायको-पोरगी माहेरी गेल्या की मी नॉब पिळतो आणि तेव्हा बरोब्बर उलटं! स्ट्रीमिंग मस्त खुलतं आणि एलपी नुसती गुंजते, खालचे सूर गढूळ होतात, आणि वूफरचा कोन काहीही वाजत नसताना सुद्धा आत-बाहेर झुलताना दिसतो. घाबरून कमी करतो.

व्हायनल (म्हणजे एलपीच) हळू ऐकण्यासाठीच बनलंय का? की माझ्या कानाचा लोचा आहे?


बिटपरफेक्ट:

कानाचा नाही, डोक्याचा. 😄 रागावू नको भावा. एलपी लावताना कव्हर काढायचं, ब्रश फिरवायचा, सुई ठेवायची, एवढं केल्यावर भारी वाटणारच. आकडे बघ ना, सीडी १९८२ला आली ती १६ बिट घेऊन, म्हणजे ९६ डीबी (डेसिबल) रेंज, सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर. एलपी चांगली असली तरी साठ-पासष्टच्या वर जाताना धापा टाकते. वर खरखर, सुई आतल्या बाजूला गेली की स-श फाटतात. हळू काय नि मोठ्याने काय, डिजिटलच बरं. विषय संपला.


सोल्डरवाला:

विषय संपला नाही, सुरू पण झाला नाही.

@बिटपरफेक्ट आकडे बरोबर आहेत पण या माणसाच्या हॉलमध्ये ते आकडे बसतच नाहीत. रात्री पंखा चालू असताना खोलीतच चाळीस डीबीच्या आसपास आवाज असतो. पोरगी उठू नये म्हणून हा ऐकणार पासष्टपर्यंत. म्हणजे कामाला उरले पंचवीस डीबी. त्यात ९६ घाला नाही तर ६०, बाकीचं सगळं पंख्याखाली गाडलं जाणार. रविवारी पंचाण्णवपर्यंत नेलं तरी खाचेचा सूं आवाज साठ डीबी खाली म्हणजे पस्तीसला, तो पण पंख्याखालीच. चरा पडलेला असेल तर टिकटिक ऐकू येईल, ती वेगळी गोष्ट. १.८ सेकंदांनी परत आली तर समजायचं चरा आडवा आहे, कारण ३३⅓ला एक फेरी तेवढ्यातच होते. हेडफोनवर ऐकलं तर मात्र तुझं म्हणणं मान्य.

@रातकिडा तुझ्याकडे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, रात्रीचा वेगळा आणि रविवारचा वेगळा, आणि दोन्हीत फॉर्मॅटचा हात थोडाच आहे.

आधी रात्रीचा. डॅकमधून साधारण २ व्होल्ट येतात. तुझ्या कार्ट्रिजमधून येतात चार-पाच मिलिव्होल्ट, ते फोनो स्टेज (ॲम्पमधला फोनो इनपुटचा भाग) वाढवतो पण बहुतेक ॲम्पमध्ये वाढवून सुद्धा ते डॅकच्या बरंच खाली राहतं. म्हणून एलपीला नॉब नऊ-दहा वाजताच्या जागी येतो आणि डॅकला साडेसातला, म्हणजे जवळपास बंदच. आता जुन्या ॲम्पचा व्हॉल्यूम पॉट (नॉबच्या मागचा भाग) म्हणजे कार्बनची पट्टी, दोन चॅनलच्या दोन. सुरुवातीच्या त्या तुकड्यात दोन्ही पट्ट्या कधीच सारख्या नसतात. डावी बाजू दबलेली वाटते ना? एलपीला वाटते का? नाही वाटणार, कारण तिथे नॉब पुढे आहे. बघून सांग.

याला उपाय फुकट आहे. फोनमध्ये किंवा डॅकमध्ये आवाज बारा डीबीने खाली आण आणि ॲम्पचा नॉब वर घे. कुणी बोंबलेल की बिट गेले, तर गेले दोन (सहा डीबीला एक), डॅक २४ बिटचा आहे आणि गाणं १६चं, पोटाला पुरून उरतं.

दुसरं, तू दोन्ही सारख्या आवाजात लावतोस हे कशावरून? नॉब बघून की कानाने?


रातकिडा_ठाणे:

कानाने. म्हणजे बेडरूमच्या दारापर्यंत जाऊन बघतो की टोचत नाहीये ना. 😅 डाव्या बाजूचं खरंय, आत्ता एलपी लावून बघितली, बरोब्बर मध्ये आहे.


सोल्डरवाला:

तिथेच आहे सगळं. टोचतं म्हणजे काय टोचतं? वरचे सूर टोचतात. जुन्या हिंदी गाण्यांचे जे रिमास्टर स्ट्रीमिंगवर आहेत त्यातले बरेच चकचकीत केलेत, वरची पट्टी उचललेली, शिवाय दाबून सपाट केलेले. त्यामुळे ते आधी टोचतात, तू आधी कमी करतोस, आणि कमी केलं की खालचे सूर कानातून पळतात. एलपी वरून मऊ आहे म्हणून तू तिला नकळत जास्त वाजू देतोस. मग ती भरलेली वाटणारच.

खालचे सूर पळतात हे १९३३ सालचं ज्ञान आहे, बेल लॅबचे फ्लेचर आणि मन्सन. आत्ता जो आयएसओ २२६ (कानाला कुठला सूर किती मोठा वाटतो त्याचं मानक) आहे त्यातले आकडे घेतले तर १ किलोहर्ट्झचा आवाज ८० वरून ४० वर आणला, तर १०० हर्ट्झचा आवाज मात्र फक्त अठ्ठावीसच डीबीने कमी करायचा, तर तोल तसाच राहतो. आपण नॉब फिरवतो तेव्हा सगळंच चाळीसने कमी होतं. म्हणजे १०० हर्ट्झला बारा डीबीचा खड्डा. डग्ग्याचा घुमारा तिथेच राहतो, गेला ना बाराच्या भावात.

लाउडनेसचं बटण त्याच खड्ड्यासाठी आहे. तुझ्या मित्राला सांग फसवणूक नाही, फक्त रविवारी दाबून ठेवायचं नसतं. एक बारीक गोष्ट, जुन्या ॲम्पमध्ये हे बटण नॉबच्या जागेवर चालतं, नॉब जितका मागे तितका बास जास्त. म्हणजे डॅक साडेसातला ठेवून दाबलंस तर नुसता ढब्ब बास येईल आणि एलपी दहाला ठेवून दाबलंस तर बेताचा. म्हणून परत सांगतो, आधी डॅक खाली आण, दोन्हीचा नॉब एका जागी येऊ दे, मग तुलना कर.

मोजायला मल्टिमीटर घे. एसी व्होल्टवर टाक, स्पीकरच्या टर्मिनलवर लाव, गाण्याचा तोच तुकडा दोन्हीकडून वाजव आणि आकडा कुठे खेळतो ते बघ. स्वस्त मीटर वरच्या सुरांना चुकतात पण दोन्ही वेळी सारखंच चुकतात, आपल्याला फरक हवाय. बारा टक्के फरक म्हणजे एक डीबी. अर्ध्या डीबीने मोठं असलेलं माणसाला मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं, हीच तर सगळी गंमत आहे आणि ऑडिओच्या दुकानांचा धंदा पण त्यावरच चालतो.


जवारी:

मी तंत्रातली नाही, गाणं शिकते आणि थोडंफार शिकवते, पण शास्त्रीय संगीताबद्दल वर जे राहिलं ते लिहिते.

हळू ऐकताना तुम्ही काय ऐकता ते बघा. पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज धरला तर तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला जाते. सोल्डरवाला म्हणतात त्या हिशोबाने ती रात्री गायबच व्हायला हवी. पण तंबोरा ऐकू येतो ना? कारण जवारी (घोडीवर तार जिथे हलकी घासते ती जागा) नीट लागलेली असली की तारेचा मूळ सूर थोडा आणि वरचे स्वयंभू (आपोआप उमटणारे सूर) खूप, त्यातला गंधार तर कुणी छेडलेला सुद्धा नसतो. ते सगळे वरचे सूर कानाला सोपे असलेल्या पट्टीत पडतात म्हणून पंखा चालू असताना सुद्धा तंबोऱ्याचा धूर खोलीत भरलेला राहतो. तो आहे म्हणून आलाप अधांतरी वाटत नाही.

आता जुन्या एलपींवरून किंवा जुन्या टेपवरून ज्या सीड्या निघाल्या, त्यातल्या काहींवर खरखर काढण्यासाठी नॉइज रिडक्शन इतकं जोरात चालवलंय की त्याने तंबोऱ्याचा हाच धूर खरखर समजून पुसून टाकलाय. कळायला सोपं आहे, गायक थांबला की मागे एकदम पोकळी होते आणि तोंड उघडलं की तंबोरा परत येतो. मोठ्याने ऐकलं तर गायकाच्या आवाजात हे खपून जातं, हळू ऐकताना मात्र आलाप कोरडा ठणठणीत. माझ्याकडे एक सीडी अशी आहे (कुणाची ते लिहीत नाही) की तिच्यापेक्षा त्याच मैफलीची ओरखडे पडलेली एलपी मी दहा वेळा पसंत करीन. पण म्हणून दोष डिजिटलचा नाही. त्याच एलपीवरून मी लॅपटॉपवर साधं रेकॉर्डिंग केलंय, काहीही न पुसता, आणि ते ऐकताना मला एलपी आणि फाइल यातला फरक सांगता येत नाही. म्हणजे एलपीत जे होतं ते फाइलीत मावतं. मधल्या माणसाने काय केलं, प्रश्न तेवढाच.

उलट्या बाजूने पण सांगते. आमच्या गाण्याला एलपी फार सोयीची कधीच नव्हती. बडा ख्याल एका बाजूत बसवायचा म्हणजे बावीस-तेवीस मिनिटं, आणि बाजू जितकी लांब तितक्या खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात, म्हणजे आवाज कमी पातळीवर कापायचा, म्हणजे खरखर जवळ. त्यात विलंबितची सुरुवात अगदी हळुवार आणि द्रुतच्या ताना शेवटी, जिथे सुई आतल्या वळणावर असते. बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला पन्नास सेंटिमीटरच्या आसपास पळते आणि आत लेबलजवळ वीस-एकवीस. म्हणजे ज्या ताना ऐकायला माणूस थांबलेला असतो त्याच सगळ्यात गर्दीच्या जागी. भीमसेनजींच्या तानेला जागा कमी पडते हो! तिथे मी फाइलच लावते.


बिटपरफेक्ट:

जवारी ताई, लॅपटॉपवालं वाचून बरं वाटलं, हेच तर मी म्हणत होतो फक्त जरा उद्धटपणे.

अजून एक. आजकाल नवीन १८० ग्रॅमच्या एलपी निघतात जुन्या सिनेमांच्या, त्यातल्या कित्येक डिजिटल फाइलवरूनच कापलेल्या असतात. म्हणजे माणूस चार हजार मोजून तीच फाइल सुईने ऐकतोय. जाड असल्याने आवाज चांगला येतो हे पण कुणी तरी पसरवून दिलंय. आणि @रातकिडा स्ट्रीमिंग ॲपात नॉर्मलायझेशन चालू आहे का बघ, ते सगळी गाणी एका पातळीवर आणतं, -१४ एलयूएफएस (आवाजाच्या पातळीचं माप) वगैरे. तुलना करताना चालू असलं तरी चालेल पण मध्येच चालू-बंद करू नको, नाही तर सोल्डरवाल्यांचा मल्टिमीटर वेडा होईल. बाकी दाबून सपाट केलेलं गाणं नॉर्मलायझेशनने उघडत नाही, नुसतं सपाट गाणं हळू वाजतं.


एडिसनकर:

रविवारच्या प्रॉब्लेमवर कुणी बोललंच नाही अजून. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच फर्निचरवर आहेत का?


रातकिडा_ठाणे:

हो. टीव्ही युनिट, प्लायचं, मध्ये टर्नटेबल आणि दोन बाजूंना स्पीकर. टीव्ही वर भिंतीवर.


एडिसनकर:

मग झालं. सुईला कळत नाही की खाच हलतेय की युनिट हलतंय. स्पीकरने प्लाय हलवला, प्लायने टर्नटेबल हलवला, सुईने तो आवाज परत ॲम्पला दिला, स्पीकरने अजून जोरात हलवला. हळू असताना ही फेरी सुरूच होत नाही, मोठ्याने लावलं की सुरू होते आणि मग खालचे सूर एकमेकांत मिसळून गढूळ. डिजिटलला सुई नाही, संपलं. आमच्याकडे न्यू जर्सीत घरं लाकडी, वरच्या मजल्यावर कुणी चाललं तरी सुई उडते, तुमच्याकडे निदान आरसीसी स्लॅब आहे, भिंत पक्की आहे, त्याचा फायदा घ्या. टर्नटेबल भिंतीवरच्या ब्रॅकेटवर न्या. वरचं पारदर्शक झाकण मोठ्याने ऐकताना सरळ काढून ठेवा, ते पातळ असतं आणि आवाज पकडतं.

टेस्ट: रेकॉर्ड फिरवू नका, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई हलकेच ठेवा, नॉब शून्यावर, आणि हळूहळू वाढवा. हळूहळू म्हणजे हळूहळू, हात नॉबवरच. घूं सुरू झालं की लगेच मागे. जिथे सुरू झालं त्याच्या बऱ्याच आधीपासून आवाज बिघडत असतो.


सोल्डरवाला:

बरोबर. आणि वूफर काही वाजत नसताना झुलतो ते अजून वेगळं. रेकॉर्ड किंचित वाकडी असली तर फेरीला एकदा वर-खाली होते, त्यात टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) आणि कार्ट्रिजचा स्वतःचा झोका आठ-बारा हर्ट्झच्या आसपास. हे ऐकू येत नाही पण ॲम्प इमानदारीत ते पण वाढवतो. आरआयएए हा एलपीचा ठरलेला नियम, म्हणजे रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबलेले असतात, वाजवताना परत उचलायचे, २० हर्ट्झला जवळजवळ वीस डीबी, म्हणजे खालचा कचरा पण उचलला जातो. पोर्टवाल्या स्पीकरमध्ये पोर्टच्या सुराखाली कोनला हवेचा आधारच राहत नाही, म्हणून तो मोकाट झुलतो आणि मधले सूर पण थरथरतात. रात्री पण झुलत असणार, तुला दिसत नाही इतका कमी. ॲम्पवर सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारे अगदी खालचे सूर कापणारा) असं काही लिहिलेलं बटण असेल तर दाब. नसेल तर पोर्टमध्ये जुना मोजा कोंबून बघ, हसू नको.


काळबादेवीचा_राजू:

ब्रॅकेट येईपर्यंत कडप्पा! किचनचे ओटे करणाऱ्याकडे उरलेला तुकडा मिळतो, दीड बाय सव्वा फुटाचा, कडा घासून घ्यायचा, खाली चार कोपऱ्यांत रबराचे ठोकळे, वर टर्नटेबल. माझा असाच आहे. रबर फार कडक नको आणि कडप्पा भिंतीला टेकता कामा नये.


रातकिडा_ठाणे:

अपडेट. मोजलं सगळं.

तेच गाणं, कानाने मला जे "सारखं" वाटत होतं त्यात एलपी जवळजवळ तीन डीबी वर होती. 🤦 फोन खाली आणला, नॉब दोन्हीचा साडेनऊला, डावी बाजू परत आली. लाउडनेस दाबलं. रात्री सिनेमाची गाणी आता बहुतेक वेळा मला ओळखू येत नाहीत की कुठली कुठली. बायकोला लावून दाखवली तर तिने तीनदा विचारलं "बदललं का?" आणि मग झोपायला गेली. दोन-तीन रिमास्टर मात्र अजून टोचतात, ट्रेबल थोडा कमी केला की सुसह्य.

जवारी ताई म्हणाल्या ती पोकळी कुमारांच्या एका रेकॉर्डिंगला स्ट्रीमिंगवर अगदी स्पष्ट सापडली. आधी मला वाटायचं की हा एलपीचा ऊबदारपणा वगैरे आहे, पण तंबोराच नाहीये हो तिथे! ती मी एलपीवरच ऐकणार.

रविवारचं अर्धं झालंय. एडिसनकरांची टेस्ट केली, नॉब बारालाच घूं सुरू. कडप्पा आणला, ओटेवाल्याने फुकट दिला, आता एकपर्यंत काही होत नाही. वूफर अजून झुलतो, मोजा कोंबल्यावर कमी झुलतो पण बास पण गेला थोडा. ॲम्पवर सबसॉनिक नाही, नुसतं "लो" लिहिलेलं एक बटण आहे, ते दाबलं की सगळंच पातळ.


सोल्डरवाला:

"लो" म्हणजे लो फिल्टर असेल, काही ॲम्पमध्ये तो ७० हर्ट्झच्या आसपासपासूनच कापायला लागतो, त्यात खर्ज पण जाणार. दाबू नको. वाकड्या रेकॉर्डी कुठल्या ते बाजूला काढ, सपाट रेकॉर्डवर वूफर किती झुलतो ते बघ. तरी झुलत असेल तर कार्ट्रिज टोनआर्मला जड किंवा मऊ पडतंय. मॉडेल टाक इथे.

आणि मोजा काढून नुसता फोमचा तुकडा सैल बसव, अर्धी हवा जाऊ दे.


जवारी:

रातकिडा, कुमारांची ती एलपी आत्ताच एकदा नीट धुऊन लॅपटॉपवर उतरवून ठेवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन थेंब लिक्विड सोप, लेबल ओलं करू नका, सुकल्यावरच वाजवा. ठाण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर परत गेली तर बुरशी लागेल. फाइल २४ बिटमध्ये ठेवा आणि खरखर काढायचं बटण दिसलं तरी हात लावू नका.


बिटपरफेक्ट:

उतरवल्यावर ती फाइल आणि एलपी सारख्या आवाजात लावून वहिनींना परत विचार. निकाल इथे टाक, काही आला तरी मी गप्प बसेन.


रातकिडा_ठाणे:

वहिनी म्हणतायत आता एक महिना काहीही विचारायचं नाही. कार्ट्रिजचं मॉडेल संध्याकाळी टाकतो.